लग्नपत्रिकेच्या जाडीएवढी फट

लातुरात आप्पांच्या घरी लग्नपत्रिका घेऊन येणाऱ्याचा थोडासा अपमान ठरलेला असे. आप्पा पत्रिका हातात घेत, पण वाचत नसत. अंगठा आणि पहिल्या बोटाच्या चिमटीत धरून ती चोळत, तेही डोळे मिटून. समोर नवरीचा बाप हात जोडून उभा, त्याच्या मागे आणखी दोघे पाहुणे, बाहेर जीप चालूच. बराच वेळ चोळून झालं की आप्पा म्हणत, "जाड झाली हो जरा." बाप बिचारा ओशाळून सांगे की छापखानेवाल्यानंच हा कागद सुचवला. पत्रिका पातळ निघाली तर, "ही काय कामाची न्हाई," म्हणून ते ती बायकोकडे, अव्वांकडे देऊन टाकत. नवरी कोण, नवरा कुठला, मुहूर्त कधीचा, हे सगळं अव्वा वाचत आणि आलेल्या माणसांना चहा पाजून त्यांची समजूतही त्याच काढत.

क्वचित एखादी पत्रिका मात्र आप्पांच्या बोटांना पटे. मग पाहुण्यांना तसंच बसवून ते अंगणात जात, स्टँडवर लावलेल्या सायकलीपुढे उकिडवे बसत आणि पत्रिका चेनच्या कडेला सरकवून बघत. "बरोब्बर!" अशी आरोळी आली की अव्वा पाहुण्यांना म्हणत, "चला, तुमच्या लग्नाला येणार बगा ते."

ज्यांनी गिअरची सायकल चालवली नाही त्यांच्यासाठी सांगते. या सायकलीला पॅडलजवळ एकापेक्षा जास्त दातेरी चकत्या असतात, लहान-मोठ्या. चेन एकीवरून दुसरीवर ढकलायला तिथे एक छोटासा पत्र्याचा पिंजरा असतो आणि चेन त्याच्या मधून फिरते. पिंजरा जरा इकडे-तिकडे बसला की चेन त्याला घासते आणि खर्र खर्र असा आवाज येत राहतो. सायकल चालते, कुणाचं काही अडत नाही. जगातली बहुतेक माणसं तो आवाज ऐकत खुशाल घरी पोचतात. आप्पांचं मात्र अडत असे. चेन आणि पिंजरा यांच्यात नेमकी किती फट हवी हे त्यांनी स्वतः ठरवलं होतं: एका मध्यम लग्नपत्रिकेच्या जाडीएवढी.

मी मूळची नांदेडची. लातूरच्या एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायची नोकरी लागली आणि आप्पांच्या माडीवरची खोली बघायला मी माझ्या सायकलीवरून गेले. अव्वांनी विचारायचं ते विचारलं: एकटीच का, घरी कोण कोण, खाण्यापिण्याचं काय. आप्पांनी यातलं काहीच विचारलं नाही. ते फाटकातच माझ्या सायकलीजवळ बसले होते.

"मॅडम, ही कुणी बसवली?"

"नांदेडला, दुकानात."

"नांदेडात सगळे असेच घासत फिरतात का?"

मला राग आला. मी म्हटलं, "नांदेडला माणसं एकमेकांशी बोलत जातात. चेनीचं ऐकायला वेळ कुणाला असतो?"

आप्पांनी वर बघितलं, मग अव्वांकडे बघितलं, आणि म्हणाले, "देऊन टाक खोली." कुडत्याच्या खिशातून त्यांनी पेचकस काढला. मी माडीवर जाऊन खोली बघून खाली येईपर्यंत माझी चेन गप्प झालेली होती. इतकी गप्प, की क्लासला जाताना मला सायकल दुसऱ्याचीच घेऊन आल्यासारखं वाटलं.

आप्पांची तूरडाळीची मिल होती. जन्म निलंग्याकडचा, पण सगळी हयात लातूरच्या मिलमध्ये गेली. त्यांच्या कानाच्या गोष्टी बाजारात लोक अजून सांगतात. घरी जेवायला बसलेले असताना त्यांना मिलचा पट्टा सरकल्याचं कळे, आणि हातातला घास तसाच ठेवून ते निघत. जात्याचा दगड झिजला, चाळणीचा खिळा ढिला झाला, सगळं आवाजावरून. पुढं मुलानं कारभार हातात घेतला, जुनी यंत्रं काढली आणि सगळीकडून बंद असलेली नवी बसवली. आप्पा एकदा जाऊन आले आणि म्हणाले, "मुकी हायती सगळी. काय बोलावं त्यांच्याशी?" त्यानंतर ते मिलमध्ये फारसे गेले नाहीत.

त्याच सुमारास त्यांना साखरेचा त्रास निघाला, डॉक्टरांनी व्यायाम सांगितला आणि मुलानं भारीतली गिअरची सायकल आणून दिली. सुरुवातीला आप्पा तिच्यावर बसलेच नाहीत. स्टँडवर लावून हातानं पॅडल फिरवायचे आणि ऐकायचे. अव्वा सांगत, "मला वाटलं आता ही दोघं बोलत बसणार, आन साखर हाय तिथंच ऱ्हाणार." पण ते बसले, आणि बसले ते बसलेच.

त्यांची शिकवण थोडी होती, पण ते ती सगळीकडे लावत. गिअरला हुकूम सोडू नये, विचारून बदलावा, हे एक. पुढं मोठी चकती असताना मागच्या चाकाचीही मोठी लावू नये, चेन तिरकी होते आणि घासते, हे दुसरं. शेजारच्या घरात नवरा-बायकोचं वाजलं की कट्ट्यावरून आप्पांचं निदान येई: "दोघं बी मोठ्या चकतीवर हायती. एकानं तरी खाली या म्हणावं." एकदा आमच्या क्लासच्या संचालकांशी माझं बिनसलं होतं. मी तावातावानं सगळं सांगितलं. आप्पांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "तुम्ही कोणत्या गिअरवर बोललाव?" मी त्या दिवशी त्यांच्याशीही भांडले.

सोमवारचं प्रकरण तर अख्ख्या गल्लीला माहीत होतं. घरात शंकराची भक्ती पिढ्यांची. सोमवारी पूजा झाली की आप्पा कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढत आणि तसेच तीन पट्टे सायकलीच्या पुढच्या चकतीवर. चकतीला तेल, तेलात ती राख. मंगळवारी चेन कुरकुरू लागे. आप्पा पिंजरा सरकवत, वायर ताणत, इस्क्रू पिळत. शनिवारपर्यंत कसंबसं जमत येई, की सोमवार उजाडे. शेवटी आमच्याबरोबर सायकल चालवणाऱ्या दातांच्या डॉक्टरांनी बोट फिरवून ती काळी लापशी त्यांना दाखवली. आप्पा खवळले. "म्हंजे देवानं घाण केली म्हणता?" दोन सोमवार डॉक्टरांशी अबोला. तिसऱ्या सोमवारी आप्पांनी स्वतःच तोड काढली. विभूती हँडलच्या मधोमध लावायची. सायकलीचं कपाळ तिथं असतं, चकती म्हणजे तिचं पोट, पोटाला कोण विभूती लावतं, असं ते आता डॉक्टरांनाच समजावून सांगू लागले.

दर रविवारी आम्ही चौघं निघत असू: आप्पा, ते डॉक्टर, एक वकीलसाहेब आणि मी. आप्पा सगळ्यात पुढे, पाठ ताठ, डोक्याला हेल्मेट आणि त्याच्या आत टोपी. वकीलसाहेबांचा स्वभाव असा की आज रविवार आहे म्हटलं तरी ते आधी नाही म्हणणार. पण आप्पांनी त्यांच्या चेनवर काही निकाल दिला की तेही निमूट उतरत.

रस्त्यातल्या अनोळखी सायकलीही आप्पा सोडत नसत. आमच्या गल्लीतून सकाळी क्लासची पोरं सायकलींवरून जात, शेकड्यानं. आप्पा कट्ट्यावर बसून कान लावत आणि घासणारी सायकल दिसली की सरळ कॅरिअर धरत. एकदा माझ्याच वर्गातली एक मुलगी चाचणीला उशीर झाला म्हणून जिवाच्या आकांतानं चालली होती. आप्पांनी तिला धरलं आणि म्हणाले, "दोन मिनिटं, बाळ. आयुष्यभराचं काम होतंय." ती रडायलाच लागली. मी माडीवरून धावत खाली आले, तिला सोडवलं आणि वर्गात उशिरा घेतलं. आप्पा संध्याकाळपर्यंत हळहळत होते. मुलगी रडली म्हणून नव्हे, चेन तशीच गेली म्हणून.

मग एका सकाळी त्यांनी मला कट्ट्यावर बोलावलं. चेहरा लग्नघरातल्या यजमानासारखा.

"मॅडम, ऐका. काय ऐकू यायलंय?"

क्लासची वेळ होती. समोरून पोरांचा लोंढा चालला होता. घंट्या, हाका, मडगार्डचे खडखडाट, आणि चेनी. मी म्हटलं, "सगळंच ऐकू येतंय."

"चेन! चेन ऐकू येती का एक तरी?" आप्पा खूश होऊन म्हणाले. "पयले या गल्लीत कान किटायचे. आता बगा. एक सायकल घासत न्हाई. एक! लातूर सुधरलं, मॅडम."

ते हे म्हणत होते तेव्हा त्यांच्या पायापासून हातभर अंतरावरून एक सायकल गेली. मिरच्या कुटायच्या डंकासारखा आवाज करत. आप्पा तिच्याकडे बघून कौतुकानं हसले. मी मागे वळले. अव्वा दारात सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि खाली मान घालून पुन्हा खडे वेचू लागल्या.

दुपारी त्यांनी मला खाली बोलावलं. आप्पा झोपले होते, तरी अव्वा सवयीनं मोठ्यानं बोलत होत्या. मग लक्षात येऊन आवाज खाली आणला, तेव्हा मला कळलं की या बाईंचा खरा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. अगदी मऊ होता. गल्लीला अव्वा माहीत होत्या त्या ओरडणाऱ्या. त्यांच्या घरी आज काय भाजी आहे हे कोपऱ्यावरच्या दुकानात कळत असे.

"मी अशी नव्हते गं," त्या म्हणाल्या. "माझ्या सासूला वाटायचं सून मुकीच हाय. आता वरडून वरडून घसा बसलाय. मिलनं यांचे कान खाल्ले, आन यांना वाटतं गाव सुधरलं."

कपाटातून त्यांनी एक छोटी डबी काढून दाखवली. कानातलं यंत्र. मुलानं मागंच आणलेलं. आप्पांनी ते एकदाही घातलं नव्हतं. मशीन मिलमध्ये बसवायचं असतं, कानात नाही, एवढं एकच उत्तर. कानाचे डॉक्टर सांगून थकले, मुलगा भांडून थकला, पुण्याहून लेक फोनवर रडली, तरी डबी कपाटातच होती.

"औशाच्या रोडला मागं टेंपो आला. वाजवायलाय, वाजवायलाय, हे मधूनच चाललेत. भाच्यानं बघितलं म्हणून कळलं. आता मुलगा म्हणतोय, सायकल गोदामात टांगून टाकतो. बरोबर हाय त्याचं." अव्वा डबी उघडत होत्या, मिटत होत्या. "पण सायकल गेली तर हा माणूस भिंतीकडं बघत बसल. आन सायकल ऱ्हायली तर एक दिवस कोणतरी मला सांगत येईल. काय करू, तूच सांग. नांदेडला जायलाव ना तुम्ही? तू बघ त्यांना. खरंखोटं मला सांग."

आप्पांना नांदेडच्या अलीकडचं विष्णुपुरीचं भरलेलं धरण सायकलीवरून जाऊन बघायचं होतं. लातूरच्या माणसाला पाण्याचं अपार कौतुक, आणि आप्पांनी मला पहिल्यापासून सांगून ठेवलं होतं की तुमच्या नांदेडात बघण्यासारखं तेवढंच आहे. बेत ठरलेला होता. मी अव्वांना हो म्हटलं आणि हेर होऊन निघाले.

पहाटे निघालो. थंडी होती, रस्ता मोकळा. चाकूर ओलांडलं आणि आवाज सुरू झाला. खर्र, खर्र, खर्र. मी खाली माझ्या चेनकडे बघितलं. डॉक्टरांनी स्वतःच्या चेनकडे बघितलं. वकीलसाहेब तर थांबलेच. "माझी घासतेय," ते म्हणाले, आणि त्यांनी स्वतःहून एखादी गोष्ट कबूल केल्याचं आम्ही तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

आप्पांना कुठं घासतंय ते ऐकू येत नव्हतं, पण घासतंय म्हटल्यावर त्यांच्या अंगात उत्साह संचारला. खिशातून पत्रिका निघाली. वकीलसाहेबांची सायकल तपासली, ठीक. डॉक्टरांची तपासली, ठीक. माझ्या सायकलीला जरा जास्तच वेळ दिला, नांदेडची म्हणून. तीही ठीक. पुन्हा निघालो, पुन्हा खर्र खर्र. पुन्हा उतरलो. असं करत करत अहमदपूर आलं. चहा घेताना आप्पा आम्हाला समजावत होते की आवाज मनात बसला की कानात येतो, मन मोकळं ठेवा.

अहमदपूरच्या पुढे चढाला मी त्यांच्या अगदी मागे लागले आणि मला दिसलं. पुढं मोठी, मागं मोठी. चेन तिरकी, आणि पिंजऱ्याची कड घासून घासून चकाकत होती. ज्या गोष्टीसाठी ते जगाला थांबवत होते तीच ते स्वतः करत होते, आणि आनंदात, काहीतरी गुणगुणत चालले होते. मी डॉक्टरांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. त्यांना आधीच कळलं होतं. वकीलसाहेबांनी ओठांवर बोट ठेवलं.

आम्ही गप्प राहिलो असतो. पण पुढे रस्त्याचं काम चालू होतं, एकच पट्टी मोकळी, आणि मागून ट्रक आला. आम्ही तिघं कडेला झालो. आप्पा मधोमध, पाठ ताठ. ट्रकवाला वाजवत होता. आम्ही ओरडत होतो. आप्पांची मान इकडची तिकडे झाली नाही. शेवटी ट्रकनं एका बाजूची चाकं मुरमात घातली आणि तो त्यांच्या अंगाला घासावा इतक्या जवळून पुढे गेला. ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर येऊन ओरडला, "ओ काका, ऐकू येत न्हाई का? मरायचंय का सकाळी सकाळी?" आप्पांनी हसून हात वर केला आणि त्याला नमस्कार केला. त्यांना वाटलं, या वयात सायकल चालवतात म्हणून तो शाबासकी देतोय.

मी त्यांना गाठलं आणि सायकल आडवी घातली.

"आप्पा, तुमची चेन घासतीय," मी ओरडले. "चाकूरपासून घासतीय!"

"कुणाची?"

"तुमची!"

ते हसले. उतरले, मागचं चाक उचलून धरलं, हातानं पॅडल फिरवलं आणि कान अगदी चेनजवळ नेला. त्या मोकळ्या माळावर तो आवाज आम्हा तिघांना स्पष्ट ऐकू येत होता. आप्पा मान वर करून म्हणाले, "न्हाई घासत."

आप्पांनी डॉक्टरांकडे बघितलं, डॉक्टर जमिनीकडे बघत होते. मग ते वकीलसाहेबांकडे वळले. हा माणूस तरी नाही म्हणेल, अशी आशा त्यांच्या तोंडावर इतकी उघड होती की माझ्यानं बघवेना.

"घासते, आप्पा," वकीलसाहेब म्हणाले.

आप्पांनी खिशातली पत्रिका काढली. चेन आणि पिंजऱ्याच्या मध्ये घालून बघितली. जाईना. पत्रिकेची दुसरी कड घातली. तीही जाईना. त्यांनी पत्रिका नीट घडी करून खिशात ठेवली आणि मला विचारलं, "ट्रक लई वाजवत होता का?"

"हो, आप्पा."

विष्णुपुरीपर्यंत ते सगळ्यांच्या मागे होते. धरण भरलेलं होतं. आप्पा पाण्याकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "मोठं हाय." येताना आम्ही सायकली टेंपोत घालून आलो.

मी अव्वांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पोळ्या लाटायला गेल्या. आप्पांनी सायकलीवर चादर घातली. कट्ट्यावर बसत, पण पोरांच्या सायकलींकडे पाठ करून. एक पत्रिका आली, ती त्यांनी न चोळता वाचली, नवऱ्या मुलाचं नावही वाचलं, आणि पाहुणे घाबरून लवकर उठले. तरी यंत्राची डबी कपाटातून हलली नाही. मुलानं सांगितलं की रविवारी गडी पाठवतो, सायकल घेऊन जाईल. आप्पा म्हणाले, "ने." मला त्या एका शब्दाचा फार राग आला. भांडले असते तर बरं वाटलं असतं.

रविवारी सकाळी मी जिन्यात दात घासत उभी होते. अंगणात अव्वा. पदर कमरेला खोचलेला, आणि हातात लेकीची जुनी गिअरची सायकल. लेक लग्न होऊन पुण्याला गेली तेव्हापासून ती शेडमध्ये पडून होती. अव्वांनी ती पुसली होती, हवा भरून आणली होती. लहानपणी निलंग्याला अव्वा शाळेत सायकलीनं जात, हे मला तेव्हाच कळलं. त्या बसल्या, एकदा डगमगल्या, आणि लिंबाच्या झाडाभोवती चक्कर मारून आप्पांपुढे येऊन थांबल्या.

"घासायलीय ही!" अव्वा ओरडल्या.

आप्पांनी तोंड फिरवलं. अव्वांनी आणखी एक चक्कर मारली. खरंच घासत होती, मला वरपर्यंत ऐकू येत होतं. "ऐकलं का? घासायलीय! पडंन मी!"

चेन घासल्यानं कुणी पडत नाही, हे आप्पांइतकं कुणाला ठाऊक? पण बायको साडीत सायकलीवर बसलेली बघून ते उठले. पेचकस घेतला, उकिडवे बसले, पॅडल फिरवून डोळ्यांनी अंदाज घेतला आणि इस्क्रू पिळला. "जा."

अव्वा फिरून आल्या. "अजून घासती."

पुन्हा पिळला. पुन्हा चक्कर. या वेळी मी कान देऊन ऐकलं. चेन गप्प झाली होती, माझ्या सायकलीसारखी गप्प. अव्वा मात्र थांबल्या आणि त्याच आवाजात म्हणाल्या, "घासतीच की! काय बसवता तुम्ही?"

मी ब्रश तोंडातून काढला. अव्वांनी वर माझ्याकडे एकदाच बघितलं, आणि मी ब्रश परत तोंडात घातला.

"न्हाई घासत," आप्पा म्हणाले. पण आता त्यांचा आवाज खात्रीचा नव्हता. हेच शब्द ते एकदा माळावर बोलले होते.

"तुम्हाला काय ठाव? मी बसलेय, मला कळतंय. ऱ्हाऊ द्या. मी दुकानातून बसवून आणते."

दुकानातून! आप्पा तिथंच उभे राहिले. हातातला पेचकस या हातातून त्या हातात गेला. स्वतःच्या घरातली सायकल, स्वतःची बायको, आणि दुकानातून. ते आत गेले. कपाटाचं दार वाजलं. बाहेर आले तेव्हा डबी उघडी होती आणि ते यंत्र कानात बसवायला झगडत होते. अव्वा मदतीला गेल्या नाहीत. सायकल धरून उभ्या राहिल्या.

यंत्र बसलं तसे आप्पा दचकले. कावळा ओरडला, त्यांनी वर बघितलं. शेजारी मिक्सर लागला, त्यांनी तिकडे बघितलं. रस्त्यानं एक सायकल घासत गेली आणि त्यांचा चेहरा असा पडला की मला पळत खाली जावंसं वाटलं. सुधारलेलं लातूर त्यांच्या डोळ्यांदेखत बिघडलं होतं. मग ते खाली बसले, अव्वांची सायकल स्टँडवर घेतली आणि पॅडल फिरवलं. बराच वेळ फिरवत होते. पुढची चकती बदलली, मागची बदलली, पुन्हा फिरवलं.

"कुठं घासायलीय?" ते शेवटी म्हणाले. "काहीच तर न्हाई."

अव्वा त्यांच्या मागे उभ्या होत्या. त्यांनी पदर कमरेचा सोडला, डोक्यावरून घेतला, आणि स्वतःशी बोलावं इतक्या हळू म्हणाल्या, मला तर ते ओठांवरूनच कळलं, "न्हाईच घासत. मघाशीच बरोबर झालती. मी च्या टाकते."

आप्पांनी वळूनसुद्धा बघितलं नाही. पॅडल फिरवत फिरवतच म्हणाले, "टाक की. पण एवढं वरडायलीस कामून?"